प्रोफेसरांची लिफ्ट

माझा मेहुणा नीतिशास्त्र शिकवतो, मी लिफ्ट दुरुस्त करतो. बारा वर्षं त्याने मला हा फरक विसरू दिलेला नाही, आणि बारा वर्षं त्याचं तोंड बघितलं की माझं डोकं फिरतं.

त्या सकाळी त्याच्याच इमारतीतली लिफ्ट मी बंद केली. ब्रेक झिजले होते; थांबताना ती मजल्याच्या वीतभर खाली घसरत होती. पाचव्या मजल्यावर दाराला 'बंद'ची पाटी लावत होतो, तेवढ्यात साहेब कडक इस्त्रीत बाहेर आले. अकराला त्यांच्या पुस्तकाचं प्रकाशन. पुस्तक आईला अर्पण केलेलं, त्यामुळे पहिल्या रांगेत चाकाच्या खुर्चीत आई हवी.

"दहा मिनिटं चालू करा."

"पडेल."

"शक्यता किती?"

"ते मोजायला मी आत बसणार नाही."

झालं, लागला शिकवायला. "हे बघा, काही विचारवंत परिणाम बघतात. आईचा आनंद मोठा, धोका क्षुल्लक. काही कर्तव्य बघतात. आईला नेणं हे मुलाचं कर्तव्यच. आणि काही जण माणूस कसा आहे ते बघतात. भित्रा माणूस नीतिमान नसतो, जावईबापू."

"मग दोघं मिळून खुर्ची उचलू. पाचच तर मजले."

"आणि घामाघूम होऊन व्यासपीठावर बसू?"

एक सणसणीत शिवी तोंडाशी आली होती, ती गिळली. गच्चीवर मशीनच्या खोलीत गेलो आणि मेन स्विच पाडला. हे आधीच करायला हवं होतं. पाटीवर भरवसा ठेवला, ही माझी चूक.

खाली येऊन बघतो तर पाटी चपलांच्या कपाटावर. सासूबाई खुर्चीसकट लिफ्टमध्ये, केस नीट विंचरलेले, मांडीवर नवं पुस्तक. आणि हा बाहेर उभा राहून, हात आत घालून तळमजल्याचं बटण दाबतोय, पुन्हा पुन्हा. मला असा संताप आला की बस्स.

"तुम्ही बाहेर का?"

"मी जिन्याने येतोय."

"आत दोघांना जागा आहे."

त्याने पुन्हा बटण दाबलं.

"बोला की, प्रोफेसर!"

"वजन जितकं कमी, तितका धोका कमी," तो म्हणाला. वर्गात बोलतो त्याच आवाजात.

आईला कमी ऐकू येतं, असं तो सगळ्यांना सांगत असतो. हे त्यांना नीट ऐकू आलं. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या, मग मला म्हणाल्या, "मला बाहेर घ्या." मी खुर्ची ओढली.

"आई, उचलून नेतो ना आम्ही," तो घाईघाईने म्हणाला.

"नको. तुला उशीर होईल."

त्यांनी पुस्तक उघडलं, त्यांचं नाव छापलेलं पान सावकाश फाडलं, घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि पुस्तक त्याच्या हातात दिलं.

"आता जा. आणि भाषणात माझं नाव घेऊ नकोस."

तो जिन्याने गेला. शर्टाची इस्त्री अजून कडक होती.