खांद्यावरची चार बोटं

मुलांनो, थोडा वेळ माझ्याबरोबर एका घरात चला. घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावरचं. सकाळचे आठ वाजून गेलेत. तुम्ही नऊ वर्षांची एक मुलगी आहात असं समजा. मुलगे असाल तरी समजा, त्यात कुणाचं काही बिघडत नाही. आई सहालाच शिवणकामाच्या कारखान्यात गेली आहे. बाबा किल्लीवाले. उजाडताना कुणीतरी दार वाजवून त्यांना कुलूप उघडायला नेलं, आणि जाताना ते सांगून गेले, "दोन अंडी उकडून ठेव, हा गेलो आणि हा आलो." तुम्ही अंडी उकडली आहेत. टेबलावर दोन ताटल्या मांडल्या आहेत. अंडी गार होऊ नयेत म्हणून त्यांच्यावर वाटी पालथी घातली आहे. आणि दार वाजतं.

काय कराल? धावत जाऊन उघडाल ना? तिनंही तेच केलं.

दारात बाबा नव्हते. हातात वही घेतलेला, धापा टाकणारा एक माणूस उभा होता. तो वर्तमानपत्राचा बातमीदार होता. चोऱ्या, मारामाऱ्या, खून, शहरात जे जे वाईट घडेल ते लिहिणं हे त्याचं काम. तेव्हा तो पस्तिशीचा होता. कचेरीत त्याला सगळे घाईसाहेब म्हणत. चहा निवायची वाट बघणंसुद्धा त्याला जमत नसे, त्यामुळे जीभ कायम पोळलेली.

त्याच्या धंद्यात एक रिवाज होता. माणूस मेला की त्याच्या घरी जाऊन त्याचा फोटो मागून आणायचा, आणि तोही दुसऱ्या पेपरवाल्यांच्या आधी. बहुतेक घरांत चांगला फोटो एकच असतो. पहिला पोचेल त्याला तो मिळतो. "उशिरा जाल तर भिंतीवरचा खिळा तेवढा बघून याल," असं घाईसाहेब नव्या पोरांना बजावायचे. त्या सकाळी पोलीस ठाण्यातल्या ओळखीच्या हवालदारानं त्यांना सांगितलं होतं, की एका बंगल्याच्या दारात किल्लीवाल्याचा खून झालाय, पत्ता अमुक अमुक, घरी कळवायला माणूस पाठवलाय. घाईसाहेबांनी पत्ता ऐकला आणि निघाले. तो माणूस पोचला की नाही, हे विचारायला ते थांबले नाहीत. तो वाटेत चहाला बसला होता.

"बाळ," घाईसाहेब म्हणाले, "बाबांचा एखादा चांगला फोटो आहे का घरात? पेपरात द्यायचाय."

मुलीचा चेहरा उजळला.

दहा वर्षांत घाईसाहेबांनी हा प्रश्न शेकडो दारांत विचारला होता. लोक रडले होते, शिव्या देत अंगावर आले होते, एका म्हातारीनं तर चप्पल उगारली होती. हसलं मात्र कुणीच नव्हतं. त्यांनी मुलीच्या डोक्यावरून आत पाहिलं. त्यांना दोन ताटल्या दिसल्या, पालथी वाटी दिसली. या घरात अजून काहीच कळलेलं नव्हतं.

"बाबांनी काय केलं?" तिनं विचारलं.

आता बघा मुलांनो, त्यांना आत येऊन बसता आलं असतं. शेजारच्या बाईंना हाक मारता आली असती. नुसतं "नंतर येतो" म्हणून जिन्यात थांबले असते तरी चाललं असतं. पण तेवढ्यात खाली मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला, आणि दुसऱ्या पेपरचा माणूस आला असणार, एवढंच त्यांच्या डोक्यात आलं. तो दूधवाला होता, हे जिना उतरल्यावर कळलं.

"चांगलं काम केलं," ते म्हणाले.

मुलीनं स्टूल ओढलं, वर चढून खिळ्यावरची तसबीर काढली आणि फ्रॉकच्या घेरानं काच पुसली. फोटोत बाबा त्यांच्या दुकानासमोर उभे होते. शेजारी उंच खोक्यावर ती, पुढचे दोन दात पडलेली, बाबांच्या खांद्यावर हात ठेवून.

"मी पण येणार ना पेपरात?"

"बघू या."

"परत द्याल ना, काका? आमच्याकडे एवढा एकच आहे."

"उद्याच," घाईसाहेब म्हणाले, आणि दोन दोन पायऱ्या टाकत खाली गेले.

दुपारी पोलिसांनी त्यांना आपला अंदाज सांगितला. किल्लीवाला बंगल्याच्या मागच्या दारात पडला होता, अवजारांची पिशवी जवळ होती, तेव्हा तो घरफोड्यांपैकीच असावा आणि आपसातल्या भांडणात मेला असावा. घाईसाहेबांनी 'असावा' वहीत लिहिलं. कचेरीत पोचेपर्यंत त्याचं 'होता' झालं. पान लावणाऱ्यानं फोटोवर लाल पेन्सिलीनं उभी रेघ मारली. रेघेच्या डावीकडचे बाबा पेपरात, उजवीकडची मुलगी बाहेर. पण तिचा हात बाबांच्या खांद्यावर होता, त्यामुळे चार बोटं रेघेच्या अलीकडे, बाबांच्या बाजूला राहिली. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर, चार कॉलमांच्या मथळ्याखाली, ती बोटंही छापून आली. 'घरफोड्या टोळीतल्या किल्लीवाल्याचा खून.' खाली बाबांचा चेहरा, आणि खांद्यावर कुणाची तरी इवलीशी चार बोटं.

फोटो घाईसाहेबांच्या खणात राहिला. आधी त्यांना वाटलं, उद्या नेऊन देऊ. मग वाटलं, घरातलं रडणं ओसरलं की जाऊ. मग वाटलं, आता कुठल्या तोंडानं जायचं? माणसाची लाज अशीच वाढते, मुलांनो. पहिल्या दिवशी ती खिशात मावते. वर्षभरानं तिच्यामुळे आख्खा रस्ता टाळावा लागतो.

सहा वर्षांनी, दुसऱ्याच गुन्ह्यात जन्मठेप भोगत असलेल्या एका चोराची मुलाखत घ्यायला ते तुरुंगात गेले. खोलीत जमिनीला स्क्रूनं आवळलेलं टेबल होतं आणि दोन खुर्च्या. चोर बोलका होता. आपण कुठं कुठं हात मारला हे एखाद्यानं प्रवासवर्णन करावं तसं तो सांगत होता. बोलता बोलता त्या बंगल्याचं नाव निघालं. किल्ली हरवली, घर आमचंच आहे, असं सांगून किल्लीवाल्याला नेलं होतं, तो म्हणाला. किल्लीवाला कुलपात तार घालून बसला होता. तेवढ्यात आतून कुणीतरी म्हातारं खोकलं. किल्लीवाल्यानं तार बाहेर काढली, अवजारं एकेक करून पिशवीत भरली आणि म्हणाला, "घरात माणूस आहे. हे कुलूप मी उघडणार नाही." त्याला धमकावलं. तो दाराला पाठ लावून उभा राहिला.

"पळाला असता तर वाचला असता," चोर म्हणाला. "पण हलेचना."

घाईसाहेबांनी त्या दिवशी अकरा ओळी लिहिल्या. त्या पाचव्या पानावर आल्या. फोटो लावा, असं ते चाचरत म्हणाले, तर पान लावणारा हसला. दुरुस्तीला कधी फोटो असतो का? खरं तर हे वाक्य त्यांचंच होतं. वर्षानुवर्षं तेच दुसऱ्यांना ऐकवत आले होते.

बहात्तराव्या वर्षी एका प्रकाशकानं त्यांच्याकडून पुस्तक मागितलं. गाजलेल्या तीस गुन्ह्यांच्या कथा आणि मुलाखती. एकोणतीस झरझर लिहून झाल्या. तिसाव्या कथेला ते पंधरा दिवस नुसते कागद समोर घेऊन बसले. सोळाव्या दिवशी त्यांनी खण उघडला, फोटो पाकिटात घातला आणि किल्लीवाल्याच्या जुन्या गल्लीत गेले. पुस्तकात तो फोटो आणि खरी हकिगत द्यायची, तर मुलीची परवानगी हवी. नाही मिळाली तर पुस्तक एकोणतीस कथांचंच राहील, आणि चार कॉलमांतला तो मथळा तसाच.

दुकान तिथंच होतं. तीन माणसं उभी राहतील एवढं. भिंतभर कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या, फळीवर पितळेचा पिवळा भुगा. शेहेचाळीस वर्षांची एक बाई यंत्रात जुनी किल्ली आणि कोरी किल्ली शेजारी शेजारी आवळून दाते पाडत होती. समोरच्या गिऱ्हाइकाला ती सांगत होती, की ही तिसरी किल्ली हरवलीत, आता गळ्यात बांधून फिरा. गिऱ्हाईक हसत गेलं.

"तुमची किल्ली द्या, काका," ती म्हणाली.

घाईसाहेबांनी पाकीट उघडून फोटो फळीवर ठेवला.

तिनं यंत्र बंद केलं. हात फडक्याला पुसले, एकदा पुसले, पुन्हा पुसले. मग फोटो कडांनी धरून उचलला. लाल रेघ अजून तशीच होती.

"उद्याच म्हणाला होतात," ती म्हणाली.

"हो."

"सदतीस वर्षं झाली. काही घाई नव्हती म्हणा तुम्हाला."

घाईसाहेबांची मान खाली गेली. ती उभी, ते उभे, आणि मधे ती फळी. त्यांनी सगळं सांगितलं. हवालदार, दूधवाल्याची मोटारसायकल, 'असावा'चं 'होता' कसं झालं ते, तुरुंगातला चोर, आतलं खोकणं, दाराला लावलेली पाठ. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांना बोलतं केलं होतं. स्वतः बोलताना मात्र त्यांची वाक्यं मधेच तुटत होती. मधेच एक मुलगा कुलूप घेऊन आला, तर तिनं त्याला हातानंच नंतर यायला सांगितलं.

चोराचे शब्द दोनदा सांगा, असं ती म्हणाली. त्यांनी दोनदा सांगितले.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"त्यानंतर सहा वर्षांनी. पेपरात दिलं होतं मी. अकरा ओळी."

"आमच्याकडे त्या दिवसानंतर पेपर कधी आलाच नाही." तिनं फोटो हलकेच फळीवर ठेवला. "तेव्हा आई होती. पुढं आणखी चार वर्षं होती. कारखान्यातल्या बायका तिच्या शेजारी डबा उघडत नसत, चोराची बायको म्हणून. घरी आली की म्हणायची, तू तरी मला सांग, तुझे बाबा असं करतील का गं? मी नाही म्हणायचे. पण मला तरी कुठं माहीत होतं? तुम्हाला माहीत होतं. तुम्ही जिना चढून यायचं होतंत, काका. तीनच मजले होते."

 

दुकान कसं सुरू केलं, हे तिनं थोडक्यात सांगितलं. बाविसाव्या वर्षी तिनं शटर उघडलं. पहिलं वर्षभर एकही किल्ली आली नाही. चोराच्या मुलीकडे घराची किल्ली कोण देईल? सायकलींची कुलपं तेवढी यायची. नव्या इमारती झाल्या, नवी माणसं आली, तेव्हा कुठं जम बसला. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

शेवटी घाईसाहेबांनी पुस्तकाचं विचारलं.

"किती माणसं वाचतील?"

"हजारभर."

"त्या दिवशीचा पेपर आख्ख्या शहरानं वाचला होता. आमच्या इमारतीत तर एरवी न घेणाऱ्यांनीही विकत घेतला. मीच सांगितलं होतं. तुम्ही गेलात आणि मी चारही मजले फिरून आले. बाबांनी चांगलं काम केलंय, उद्या फोटो येणार, बघा हं. तासाभरानं पोलिसांचा माणूस आला, तेव्हा त्यालाही मी तेच सांगितलं. तो बिचारा टोपी काढून जिन्यात बसूनच राहिला."

 तिनं आपलं स्टूल घाईसाहेबांपुढं सरकवलं. ते बसले.

"लिहा," ती म्हणाली. "पण खुनापासून सुरू करू नका. मी दार उघडलं तिथून सुरू करा. तुम्ही माझ्याशी काय बोललात, ते जसंच्या तसं घाला. 'चांगलं काम केलं', एवढंच खरं होतं, आणि ते तुम्ही खोटं म्हणून बोललात. फोटो आख्खा छापा. मला कापू नका."

"नाही कापणार."

"आणि मी पुढं काय केलं, तेही लिहा. ते तुम्हाला माहीत नाही."

मग तिनं सांगितलं, आणि घाईसाहेबांनी सदतीस वर्षांत पहिल्यांदाच घाई न करता, एकेक शब्द पुरा होऊ देत, वहीत उतरवून घेतलं. मुलांनो, तेच आता तुम्हाला सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलं होतं. आई भिंतीला टेकून बसली होती. तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. टेबलावरची पालथी वाटी कुणी उचलली नव्हती. दाराशी कुणीतरी पेपर टाकून गेलं होतं. मुलीनं तो उचलला, आतल्या खोलीत नेला आणि मथळा वाचला. तिला वाचता येत होतं. मग तिनं आईच्या शिवणाच्या डब्यातली कात्री काढली आणि बाबांचा फोटो कापला, खूप सावकाश, मथळ्याचं एकही अक्षर चिकटून येणार नाही असा. चित्रकलेच्या वहीतला कागद फाडून त्यावर तो डिंकानं चिकटवला. बाबांच्या खांद्यावर तिची चार बोटं होती. तिथूनच तिनं पेन्सिल टेकवली. बोटांना हात काढला, हाताला बाही, बाहीला फ्रॉक, वर चेहरा, आणि हसऱ्या तोंडात पडलेल्या दोन दातांची जागा मोकळी सोडली. पायाखाली खोकं काढलं, बाबांच्या उंचीला पोचायला.

मग तिनं स्टूल ओढलं, वर चढली, आणि तो कागद त्याच खिळ्याला अडकवला.