सतरावं घर

स्वयंपाकघरात वाटीत बटण पडल्याचा टणकन आवाज झाला. धाकटी बहीण आपल्या लेकीच्या फ्रॉकला बटणं लावत होती. लेक टेबलाखाली बाहुलीला थोपटत होती. समोर ताई. एरवी ती या वेळी कपड्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर असायची. आज सकाळी साडेआठलाच परत आलेली. तिच्या चहावर साय धरली होती.

"फाटकावरच सांगितलं. उद्यापासून येऊ नका."

कारण दोघींना ठाऊक होतं. कारखान्याचं मागचं दार कामाच्या वेळात बाहेरून कुलूपबंद असायचं. आग लागली तर दीडशे बायका जाणार कुठे? ताईने अकराजणींना गोळा करून अर्ज लिहायला घेतला होता. अजून एकही सही झाली नव्हती, आणि मालकाला सगळा अर्ज तोंडपाठ.

"मुकादमीणच असणार," धाकटी म्हणाली. "तोंडात साखर आणि कान भिंतीला."

"ती महिनाभर रजेवर आहे."

"मग तो मशिनं दुरुस्त करणारा. तुम्ही डबा उघडलात की त्याचे स्क्रू तिथेच बरे सांडतात."

"तो ठार बहिरा आहे गं."

धाकटीला हसू आलं. ताईला आलं नाही. ती सुईकडे बघत राहिली. "त्या अकराजणींशिवाय मी फक्त तुला सांगितलं होतं. मंगळवारी. प्रार्थना कर म्हणाले होते."

"म्हणजे माझ्यावर संशय घेतेस?"

"मी कुठे काय म्हटलं?"

तेवढ्यात बेल वाजली. चर्चच्या पाळकांची बायको, सगळ्यांची पाळकीणबाई, झाकलेलं पातेलं घेऊन दारात उभी.

"कळलं हो, फार वाईट वाटलं," ती बसता बसता म्हणाली. "आम्ही तर मंगळवारपासून गुडघ्यांवर आहोत. सतराच्या सतरा घरांत तुझं नाव घेऊन त्या दारासाठी प्रार्थना झाली."

धाकटीच्या बोटात सुई रुतली.

फ्रिजवर चर्चच्या प्रार्थना-साखळीची, सतरा घरांची यादी चिकटवलेली होती. कुणाची अडचण कळली की पहिलीने दुसरीला फोन करायचा, दुसरीने तिसरीला, सतरावीने पुन्हा पहिलीला. नाव घ्यायचं, एक शब्द गाळायचा नाही. धाकटीचा नंबर चौथा. मंगळवारी तिने पाचवीला सगळं सांगितलं होतं, दार, अर्ज, बाराजणी. पाचवीच्या खाली तिने कधी बघितलंच नव्हतं.

"शेवटचं घर कुणाचं?" ताईने विचारलं.

पाळकीणबाईने पातेल्याचं झाकण उगाच नीट केलं. "कारखान्याच्या मालकीणबाईंचं. पण त्यांनीही प्रार्थनाच केली असेल."

"मग पाळकांना रविवारी त्या कुलपाबद्दल बोलायला सांगा. मालक पहिल्याच बाकावर असतात."

"अगं, चर्चच्या मंडळीचं पहिलं काम आत्म्यांचं. मन पालटलं की कुलपं आपोआप निघतात. न्यायाचं ते मागाहून."

"धूर मन पालटायची वाट बघत नाही, बाई."

पाळकीणबाई पातेलं ठेवून लगबगीने गेली. ताई उठली, चपलांत पाय सरकवले.

"ताई, मी तुझ्या भल्यासाठीच..."

"ठाऊक आहे. म्हणून तर तुझ्यावर ओरडताही येत नाही." ती दाराशी थांबली. "रविवारी उपासना सुटताना चर्चच्या दारात सह्या घेणार आहे. माझ्याबरोबर उभी राहशील? सगळे तुला ओळखतात. मालकसुद्धा."

धाकटीने नवरा काय म्हणेल याचा विचार केला, पहिल्या बाकाचा केला, लेकीच्या वाढदिवसाला मालकीणबाईंनी दिलेल्या त्याच फ्रॉककडे बघितलं. मग फ्रिजवरची यादी काढली, उलटी केली, आणि कोऱ्या बाजूला आधी स्वतःची सही केली. बोटाचा लाल ठिपका कागदावर उमटला.

लेक टेबलाखालून बाहेर आली. बाहुली तिच्या काखेत होती. तिने सहीकडे बघितलं, मावशीकडे बघितलं.

"आई, प्रार्थना तू देवाला सांगितलीस ना? मग त्याच्या आधी मालकांना कशी ऐकू गेली?"