काचेपलीकडची सवत

माझे बाबा दर रविवारी आईच्या सवतीला भेटायला जातात. सवत हे नाव आईनंच ठेवलेलं. निसर्ग-इतिहास संग्रहालयाच्या अगदी शेवटच्या दालनात, काचेमागे, खोट्या विस्तवाशेजारी उकिडवी बसून ती जनावराचं कातडं खरवडत असते. अंगभर केस, कपाळ बसकं, आणि नाकाचा तर आनंदच. तिला बाबांनीच घडवलं. निवृत्त होईपर्यंत ते तिथे प्रतिकृती बनवायचे: जीवाश्मांचे साचे, मेणाची पानं, आणि आदिमानवाचं हे एक कुटुंब.

चेहरा तज्ज्ञांनी कवटीवरून ठरवून दिला होता. हात मात्र आईचे आहेत. तज्ज्ञांनी लांब, आत वळलेल्या बोटांचं चित्र काढून दिलं होतं, पण ते बाबांना काही केल्या जमेना. खरं तर त्यांना ते जमवायचंच नव्हतं. त्यांनी संग्रहालयाची एक खरीखुरी दगडी तासणी आईच्या मुठीत दिली आणि तिचे दोन्ही हात प्लास्टरमध्ये घालून तिला बसवून ठेवलं. नेमकी तेव्हाच तिच्या नाकाला खाज सुटली आणि बाबांना ती खाजवावी लागली. पुढे आल्यागेल्याला ही गोष्ट सांगून आईनं बाबांना पुरतं लाजवलं. "हात माझे घेतले आणि संसार तिचा थाटून दिला," असं म्हणायची.

आई गेली त्याला तीन वर्षं झाली. बाबांचे गुडघे कुरकुरतात, म्हणून रविवारी मला सोबत जावं लागतं. जाताना मी बडबडते, येताना बडबडते. लोक डायनासोरच्या सांगाड्याखाली मान मोडेपर्यंत उभे राहतात, चमकत्या खनिजांच्या कपाटांना नाक लावतात. आमचे बाबा त्यातल्या कशाकडे ढुंकूनही बघत नाहीत. सरळ शेवटचं दालन, सरळ तो बाक. लाखो वर्षांपूर्वीचं बघायला सगळं गाव येतं, आणि हा एक माणूस तीन वर्षांपूर्वीचं बघायला. मी शेजारी बसून फोनमध्ये डोकं घालते. वर बघायचं मी टाळते, कारण वर बघितलं की मला तिची करंगळी दिसते, दारात चेमटून थोडी वाकडी झालेली. आईचे फोटो घरात ढिगानं आहेत, पण हातांचा एकही नाही. शिवणकामानं बोटं खरबरीत झाली होती, म्हणून फोटो काढताना ती हात पाठीमागे घ्यायची.

गेल्या आठवड्यात संग्रहालयातून फोन आला. दालनाच्या प्रमुख बाई बोलत होत्या. दालन नव्यानं मांडायचं होतं. नवी बाई येणार होती, शास्त्राला धरून, लांब बोटांची. जुनी गोदामात जाणार. अडचण एवढीच होती की तासणी मुठीत पक्की बसली होती आणि ती तर परत संग्रहात जायला हवी. कामगार बोटं कापून काढू म्हणत होते. बाईंना ते बरं वाटेना, म्हणून त्यांनी विचारलं, काका येतील का?

सोमवारी संग्रहालय बंद असतं. बाबांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि माझ्याकडे हेअर ड्रायर मागितला. डोक्यावर एक केस नाही. मी म्हटलं, सवतीसाठी एवढा नट्टापट्टा? ते हसले नाहीत, तेव्हा मी ड्रायर आणून दिला.

काच आधीच काढून ठेवली होती. मी बाईंना बाजूला घेतलं आणि सरळ विचारलं, हात आम्हाला देऊन टाका, नाहीतरी चुकीचेच आहेत ना? त्या ओशाळल्या. प्रतिकृती संग्रहालयाच्या मालकीची असते, तिचा तुकडासुद्धा कुणाला देता येत नाही, त्यांच्या हातात काही नाही. मी आवाज चढवणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "राहू दे बाळ. हातात आहे तेवढं करू."

ते गुडघे धरत धरत खाली बसले, विस्तवाशेजारी, तिच्या समोर. इतकी वर्षं त्यांनी तिला काचेतूनच बघितलं होतं. तासणी मेणानं बसवली होती, ती ऊब दिली की सुटते, असं त्यांनी बाईंना सांगितलं आणि ड्रायर सुरू केला. वारा त्या मुठीवर फिरत राहिला. मेण ओघळलं. बाबांनी दगड इकडे थोडा, तिकडे थोडा हलवला आणि अलगद बाहेर काढून बाईंच्या हाती दिला. त्यांनी तो कापसात ठेवला, आमच्याकडे एकदा बघितलं आणि चहा सांगते म्हणून बाहेर गेल्या.

मूठ आता रिकामी होती. आतून तिला रंग लागलाच नव्हता. नुसता पांढरा तळवा, त्यावर बारीक बारीक रेषा, अंगठ्याखाली इस्त्रीच्या चटक्याचा वण. तो वण मी पार विसरले होते.

बाबांनी ड्रायर बंद केला. दगडाच्या जागी आपली दोन बोटं सरकवली. ती बरोबर बसली.

"गरम आहे गं," ते म्हणाले.

बाहेरून बाईंच्या चपलांचा आवाज येऊ लागला होता. बाबा काही जागचे हलेनात. मी फोन पर्समध्ये टाकला आणि विस्तव ओलांडून त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"बाबा, सरका," मी म्हटलं. "गार व्हायच्या आत मला द्या."