लेटरकेनीचं चीज आणि बाबांची अमेरिका

उपेंद्र लेकीकडे आयर्लंडला आले ते २०२०च्या फेब्रुवारीत, दोन महिने राहून परतायच्या बेताने. मार्चमध्ये विमानं थांबली आणि ते लेटरकेनीतच अडकले. जावई अनिमेष तिथल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. कोविडच्या वॉर्डातून तो घरी यायचा तेव्हा त्याच्यात बोलायचंही त्राण नसायचं. लेक यामिनी गावाबाहेर, रॅमेल्टनच्या रस्त्यावरच्या एका छोट्या डेअरीत विक्रीचं काम पाहायची. डेअरी नोरा गॅलहर नावाच्या साठीच्या बाईंची. थोड्याशा गाई, चीज मुरवायची एक थंडगार खोली आणि यामिनी धरून चार माणसं, एवढाच पसारा.

या डेअरीचं निम्मं चीज बॉस्टनला जायचं. या डोनेगल परगण्यातली अर्धी माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच गेलेली, त्यामुळे गिऱ्हाईक बांधलेलं होतं. पण आदल्या ऑक्टोबरात अमेरिकेने आयरिश लोणी-चीजवर पंचवीस टक्के आयातकर लावला. भांडण विमानांचं होतं. युरोपातल्या सरकारांनी आपल्या विमान कंपनीला मदत केली, म्हणून अमेरिकेने युरोपच्या कितीतरी मालावर कर बसवला, आणि त्यात नोराचं चीज सापडलं. बॉस्टनच्या दुकानांनी एकेक करून मागणी बंद केली.

यामिनी चिडलेली होती. जेवताना ती म्हणायची, जगाचं पुढारपण करायचं आणि वागायचं असं. जुलैमध्ये अमेरिकेने जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडत असल्याचं कळवलं, तेव्हा तर एरवी गप्प असणारा अनिमेषही पंधरा मिनिटं बोलला. उपेंद्र ऐकून घ्यायचे. त्यांना अमेरिका आवडायची आणि ते लपवतही नसत.

त्याला कारण होतं. देवगडच्या एका आंबा व्यापाऱ्याकडे त्यांनी उभा जन्म काम केलं होतं. २००७ साली अमेरिकेने भारतीय आंब्याला दार उघडलं, तेव्हा पेट्या घेऊन लासलगावच्या विकिरण केंद्रात, जिथे किरणांनी फळांतली कीड मारतात, जायचं काम त्यांच्याकडे आलं. तिथे अमेरिकेहून आलेला निरीक्षक प्रत्येक खेप तपासायचा. त्याने उपेंद्रांच्या पेट्या पहिल्याच दिवशी परत केल्या. हवेसाठी ठेवलेल्या भोकांवरची जाळी नियमात बसत नव्हती. उपेंद्रांनी जाऊन विचारलं, का? त्यांना वाटलं होतं, हा माणूस आपल्याला हाकलून देईल. त्याने क्रेट उलटा करून त्यावर बसायला सांगितलं आणि कीड कुठून शिरते ते कागदावर चित्र काढून समजावलं. उपेंद्रांनी आपली जाळी का चालेल ते सांगितलं. निरीक्षकाने ते सगळं लिहून वर पाठवलं, आणि पुढच्या मोसमात ती जाळी मान्य झाली.

"एका आंबेवाल्याचं म्हणणं वॉशिंग्टनला गेलं गो," ते यामिनीला सांगायचे. "आपल्याकडे तालुक्याला तरी जातं का?"

यामिनीने ही गोष्ट लहानपणापासून ऐकली होती. ती म्हणायची, बाबा, तो एक चांगला माणूस तुम्हाला भेटला, त्याला तुम्ही देश समजून बसलात.

निर्बंध थोडे सैल झाल्यावर उपेंद्र यामिनीबरोबर डेअरीत जाऊ लागले. अंगणातल्या बाकाच्या एका टोकाला ते आणि दुसऱ्या टोकाला नोरा, अशा त्यांच्या गप्पा चालत. नोराचं लहानपण बॉस्टनच्या मावशीने पाठवलेल्या कपड्यांवर गेलं होतं. चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीचा पांढरा फ्रॉकही तिकडूनच आलेला. "म्हणून जास्त लागलं," ती म्हणाली. "परक्याने दार लावलं तर माणूस दुसरीकडे जातो. हे घरच्यांनी लावलं."

त्याच आठवड्यात यामिनीने सहज सांगितलं की अमेरिकी सरकार करांची यादी बदलायच्या विचारात आहे आणि त्यांनी लोकांची मतं मागवली आहेत. कोणीही वेबसाइटवर लिहू शकतं, बाहेरच्या देशातलासुद्धा. मोठमोठ्या कंपन्यांचे वकील लिहीत होते. उपेंद्र एकदम सरसावून बसले. आपणही लिहू या, म्हणाले.

नोराने मान हलवली. गॅलहर घराण्यात कोणी हात पसरले नव्हते, आणि ती आता सुरुवात करणार नव्हती.

"हात पसरायचे नाहीत," उपेंद्र आपल्या सावकाश इंग्रजीत म्हणाले. "त्यांनी विचारलंय. विचारल्यावर उत्तर द्यायचं. उत्तर दिलं नाही, तर आपलं काही म्हणणंच नव्हतं असं होईल."

नोरा म्हणाली, "ग्रँड, चालेल. पण लिहायचं यामिनीने."

यामिनीने टक्केवारी, तक्ते घालून चोख मसुदा केला. उपेंद्रांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि खाली ठेवला. "छान आहे, बाय. पण हे वकीलही लिहितील. त्या फ्रॉकबद्दल यात काही नाही."

मग नोरा बोलत गेली आणि यामिनी टाइप करत गेली. माझ्या गाईंनी कधी विमान बांधलेलं नाही, असं पहिलं वाक्य होतं. पुढे मावशी, कपड्यांची पार्सलं, बॉस्टनच्या दुकानात आपलं चीज पहिल्यांदा पाहिलं तो दिवस. शेवटी तिने लिहायला सांगितलं: आम्ही तुमच्याकडे नेहमी आदराने बघत आलो, अजूनही बघतो, म्हणूनच हे तुम्हाला सांगावंसं वाटलं.

काही दिवसांनी ते सरकारी वेबसाइटवर दिसू लागलं. एका अवाढव्य कंपनीच्या निवेदनाशेजारी, एकही शब्द न बदलता. नोराने फोनवर ते मोठं करून पाहिलं, आणि मग गोठ्यातल्या माणसांना बोलावून दाखवलं.

ऑगस्टमध्ये नवी यादी आली. ग्रीसचं चीज सुटलं होतं, आयर्लंडचं तसंच होतं. त्या दिवशी उपेंद्र डेअरीत गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी गेले आणि नोराला म्हणाले, तुम्हाला उगाच आशा लावली. नोरा म्हणाली, आशा माझी मीच लावली होती.

सप्टेंबरात बॉस्टनहून एका दुकानदार बाईंचा फोन आला. पूर्वी त्या नोराचं चीज विकायच्या. व्यापारी संघटनेच्या कोणीतरी त्यांना नोराचं लिखाण पाठवलं होतं. त्यांनी ते छापून काउंटरजवळ लावलं, आणि लोक वाचून विचारू लागले की हे चीज कुठे आहे. महाग पडलं तरी आम्ही घेऊ, तुम्ही पाठवा, असं त्यांचं म्हणणं होतं. खेप पूर्वीपेक्षा लहान होती, पण गेली. यामिनीने स्वतः पेट्या भरल्या.

त्या संध्याकाळी चहा पिताना ती वडिलांना म्हणाली, "तुमची अमेरिका थोडीशी दिसली मला."

"थोडीशीच आहे ती," उपेंद्र म्हणाले. "बाकीची तू म्हणतेस तशीच आहे. मी काय आंधळा आहे?"

हिवाळा कठीण गेला. पुन्हा टाळेबंदी आली, अनिमेष आजारी पडून बरा झाला. मार्चमधल्या एका शुक्रवारी नोराची गाडी घरासमोर थांबली. आत यायची परवानगी नव्हती, म्हणून ती फाटकाबाहेरच उभी राहिली. अमेरिका आणि युरोपने चार महिन्यांसाठी कर थांबवले होते. हेच सांगायला ती आली होती. उपेंद्र मफलर न घेताच थंडीत बाहेर आले, आणि फाटकाच्या अलीकडून त्यांनी तिला हात जोडले.

नोराच्या लिखाणामुळे कर थांबले, असं कोणीच मानलं नाही, उपेंद्रांनीही नाही. यामिनीने मुद्दाम विचारलं, की मग तुम्हाला अमेरिकेचं कौतुक कशाचं? उपेंद्र म्हणाले, "बलवान माणूस कर लावतो, त्यात काय नवल? चुकलं असेल तर लोकांना विचारावं आणि लावलेला कर मागे घ्यावा, हे त्याला जमतं. ते जोवर जमतंय, तोवर मी त्यांना पुढारी म्हणेन. ज्या दिवशी जमणार नाही, त्या दिवशी तुझ्या बाजूला येईन."

यामिनीला हे पूर्ण पटलं नाही. कर मागे घ्यायला दीड वर्ष कशाला लागतं, असं तिला वाटलंच. पण नंतर अनिमेषला ती म्हणाली, की एवढ्या दूर बसून एखाद्या देशाकडून इतकी चांगली अपेक्षा ठेवायची, आणि ती मोडली तरी चिडायचं नाही, हे आपल्याला जमणार नाही. बाबांना जमतं.

जूनमध्ये करांना मिळालेली ती स्थगिती पाच वर्षांसाठी पक्की झाली. जुलैत उपेंद्रांना तिकीट मिळालं. डब्लिनच्या विमानतळापर्यंत त्यांना सोडायला नोरा स्वतः गाडी घेऊन आली. यामिनी मागे बसली होती. पुढे ते दोघं, उद्या जगाचं पुढारपण चीनकडे गेलं तर काय, यावर वाटभर वाद घालत होते.