वरपक्षाच्या सांगण्यावरून

कलाबाईंनी बिल पदराआड धरून पुन्हा वाचलं. बाहेर लेकीची पाठवणी खोळंबली होती, आणि रुखवत, साड्या, भांडी ठेवलेल्या खोलीला कार्यालयाच्या मॅनेजरने कुलूप घातलं होतं. बिलाच्या शेवटी एक नवीच ओळ होती: ‘वरपक्षाच्या सांगण्यावरून साठ जादा ताटं, दोन एसी खोल्या.’ त्यापुढे अठ्ठावीस हजार.

मॅनेजर मोठा पोहोचलेला. मुलीची आई व्याह्यांना ‘तुम्ही साठ ताटं जादा मागवलीत का हो?’ असं विचारायला जाणार नाही, हे तो पक्कं जाणून होता.

भाची तेजल वकिली शिकत होती. ती हळूच म्हणाली, “मावशी, करारात हे नाही, तुझी सही नाही. देणं लागतच नाही. सामान सोडवायला पैसे द्यावेच लागले, तर पावतीवर ‘हरकत राखून’ असं लिही. मग नोटीस, आणि नाहीच ऐकलं तर ग्राहक आयोग.”

“आन तो म्हनला, व्याह्यांनीच सांगितलं, तर?”

“मागवलं नाही, एवढं त्यांच्याकडून लिहून घ्यायचं.”

फुलबाजारात दलालाच्या तोंडाला तोंड देणारी बाई, पण आज तिने बिलाची घडी करून ते पदराआड सारलं. विहीणबाईंना राग आला, तर तो जन्मभर लेकीने सोसायचा.

तेवढ्यात विहीण कुसाबाईच दारात आल्या. “काय अडलंय? गाडीवाला घाई करतोय.”

“काय नाय, आलेच.” आणि मग, कशी कोण जाणे, कलाबाईंनी बिल पुढे केलं. “राग मानू नका. हे तुम्ही सांगितलं व्हतं का?”

कुसाबाईंनी ती ओळ बोट ठेवून वाचली. त्यांचा चेहरा उतरला. संपलं सगळं, असं कलाबाईंना वाटलं.

“आम्ही कुनीच नाय सांगितलं,” कुसाबाई म्हणाल्या. “कुठं लिहून देऊ?”

तेजलने कागद आणि पेन दिलं. त्यांनी लिहिलं, सही केली. पेन मात्र परत दिलं नाही, तिथेच खुर्चीवर बसल्या.

“आमच्या मैनाचं लगीन ह्याच कार्यालयात झालं. तवा आम्ही मुलीकडचे. बिलात असंच लिव्हलं व्हतं. व्याह्यांनीच मागवलं असं धरून गुमान दिलं आम्ही, कुनाला इचारलं नाय. तीन वर्सं झाली. त्या रागापायी मी मैनाच्या सासरी पान्याचा घोट घेतलेला नाय.”