सहा मेची मोकळी जागा

आमच्या पलटणीत कोणी पक्का नेमबाज होता, कोणी पक्का कोंबडीचोर. मी रोज लिहिणारा होतो. अमेरिकेच्या यादवी युद्धात व्हर्माँटमधल्या आमच्या गावातून एकोणीस जण आपखुशीने सैन्यात गेले, आणि त्यांत दर संध्याकाळी खिशातली डायरी काढून पेन्सिलीला थुंकी लावणारा एकटा मी, फिलेमॉन टटल. पोरं चिडवायची. "आजच्या बिस्किटात किती किडे निघाले ते लिहिलंस का रे?" असं आसाहेल ब्रिग्स न चुकता विचारायचा, आणि मी ते खरंच लिहायचो.

आसाहेल माझा शेजारी. त्याच्या आणि माझ्या शेतामधल्या दगडी बांधाचे अर्धे दगड त्याच्या बापाने रचले, अर्धे माझ्या. सैन्यात तीन वर्षं आम्ही एका घोंगडीखाली काढली. त्याचं घोरणं मला पाठ होतं आणि माझं त्याला. एवढं सांगितल्यावर पुढचं सांगायची लाज वाटते, पण सांगतो.

युद्ध संपून वीसेक वर्षं झाल्यावर पलटणीचा इतिहास छापायचं ठरलं. समितीने माझ्या डायऱ्या मागवल्या. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. पण ते पेन्सिलीचं गिचमिड कोणाला लागणार? म्हणून एक अख्खा हिवाळा शेगडीपाशी बसून मी सगळं मोठ्या वहीत शाईने उतरवून काढलं. उतरवताना थोडं नीटनेटकंही केलं. शिव्या गाळल्या. कोणाचं पोट बिघडलं, कोणाला जुलाब झाले, असलं सगळं गाळलं, कारण पुस्तक घरोघरी वाचलं जाणार होतं. वही गेली, पुस्तक आलं, आणि गावात घराघरात बायबलच्या शेजारी जाऊन बसलं. त्यातल्या दोनशे बाराव्या पानावर माझ्या नावाने एक नोंद होती: '६ मे. आसाहेल ब्रिग्स मागे निघून गेला. संध्याकाळपर्यंत दिसला नाही.'

तो सहा मे म्हणजे १८६४ चा, वाइल्डरनेसच्या जंगलातल्या लढाईचा दुसरा दिवस. आमच्या एकोणीस जणांतले पाच त्या दोन दिवसांत गेले. धूर इतका होता की दोन हातांवरचा माणूस दिसत नव्हता. मागची झाडी पेटली होती आणि तिच्यात पडलेले जखमी ओरडत होते. त्या दिवशी माझ्या उजव्या हाताला कोण उभं होतं हे मी शपथेवर सांगू शकत नाही. म्हणून ती नोंद उतरवताना मी थबकलो होतो. आसाहेल आणि पळाला? पण अक्षर माझंच होतं आणि वर छापील तारीखही स्पष्ट होती. मी स्वतःला बजावलं की आठवण वीस वर्षांनी शिळी झाली आहे, लिहिलेलं मात्र त्याच दिवसाचं आहे. शिव्या गाळल्या तशी ही ओळही गाळता आली असती. पण माझ्या खरेपणाचा मला फार तोरा होता.

पुस्तक आल्यानंतर आसाहेल माजी सैनिकांच्या मंडळात यायचा बंद झाला. कोणी त्याला तोंडावर काही बोललं नाही. चर्चमध्ये तो शेवटच्या बाकावर बसू लागला. बांधापाशी भेट झाली की तो मान हलवायचा, मीही हलवायचो, आणि दोघं आपापल्या गाईंकडे वळायचो. मला वाटायचं, खरं बोललेलं झोंबलं आहे, होईल हळूहळू शांत. अशी सहा वर्षं गेली.

या फेब्रुवारीत तो न्यूमोनियाने गेला. आमच्याकडे फेब्रुवारीत जमिनीला कुदळ लागत नाही. माणूस गेला की त्याची पेटी दफनभूमीच्या कोपऱ्यातल्या विटांच्या खोलीत ठेवतात आणि मे महिन्यात जमीन सैल झाली की पुरतात. आसाहेलही तिथे थांबून होता. एप्रिलच्या शेवटी, रस्त्यात घोट्याएवढा चिखल असताना, त्याची बायको थर्झा माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"फिलेमॉन, आत घेतोस की इथूनच बोलू?"

"ये ना, थर्झा. चिखलाचं राहू दे."

"तुला राहू दे म्हणायला काय जातंय? बायको गेल्यापासून ही जमीन कोणी पुसलीय का?" असं म्हणत तिने पाय घासून पुसले, खुर्चीवर बसली आणि टोपीची गाठही सोडली नाही. "मी हेझनकडे जाऊन आले."

ऑर्विल हेझन युद्धात आमचा कॅप्टन होता. आता गिरणी चालवतो आणि मंडळाचा प्रमुख आहे.

"त्याला म्हटलं, पुरायच्या दिवशी मंडळाच्या माणसांनी खांदा द्यावा, आणि तीस मेला सगळ्या सैनिकांच्या थडग्यांवर झेंडे लावता तसा आसाहेलच्याही लावावा. तर म्हणतो, ब्रिग्सबाई, माझा काही आकस नाही, पण रांग सोडून गेलेल्याला मंडळाचा झेंडा देता येत नाही. पुस्तकात छापलंय म्हणे. छापलंय! पंचांगात तर काल ऊन छापलं होतं."

मी शेगडीत एक लाकूड सारलं.

"मला तुझी डायरी बघायचीय."

मी कपाटातून शाईची वही काढून तिच्यापुढे ठेवली. तिने बोट लावून ती बाजूला सारली.

"ही नव्हे. खिशातली आण."

"त्यातलं अक्षर तुला लागायचं नाही."

"तीस वर्षं आसाहेलचं अक्षर वाचलंय मी. तुझं काय घेऊन बसलास?"

माळ्यावरच्या पेटीतून ती डायरी शोधून आणायला मला वेळ लागला. तळहाताएवढी, तपकिरी चामड्याची. तिच्या दर पानावर तीन तारखा छापलेल्या आणि प्रत्येक तारखेखाली सहा-सात ओळींची जागा. थर्झा ती घेऊन खिडकीशी गेली. मी कॉफी ठेवली, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं. ती बोटाने एकेक शब्द उकलत मोठ्याने वाचायला लागली.

"आसाहेल... रेल्वेच्या बांधावरच्या ब्लॅकबेऱ्या हादडून बसला. पोट धरून मागे निघून गेला. संध्याकाळपर्यंत दिसला नाही. सार्जंटने शिव्यांची लाखोली वाहिली." तिने वर बघितलं. "बेऱ्या आणि पोट पुस्तकात का नाही?"

"बायका वाचणार होत्या ना. जरा सभ्य केलं."

"बायकांना पोट नसतं वाटतं?"

ती परत त्या ओळींवर वाकली. मग हळूच म्हणाली, "सहा मेला ब्लॅकबेऱ्या?"

"व्हर्जिनियात गरम असतं."

"किती गरम असतं रे? आपल्याकडे ऑगस्टात पिकतात. तिकडे दीड महिना आधी धर. म्हणजे जूनचा शेवट झाला. मेच्या सहा तारखेला फार तर फुलं असतील. शेतकरी आहेस ना तू?"

मी तिच्या हातातून डायरी घेतली. पाच मेच्या जागेत माझ्या अक्षरात होतं की घरून पत्र आलं आणि गवताची कापणी सुरू झाली. गवताची कापणी! आमच्या डोंगरात जुलै उजाडल्याशिवाय कोणी विळ्याला धार लावत नाही. वहीत मी 'घरून पत्र आलं' एवढंच उतरवलं होतं, कापणी गाळली होती, कारण इतिहासात गवताला काय जागा? मी पानं उलटून जून काढला. प्रत्येक तारखेची जागा कडेपर्यंत भरलेली, समासातसुद्धा आडवं लिहिलेलं. आणि मग मला सगळं आठवलं. पेटलेल्या जंगलात त्या दोन दिवशी मी एक अक्षर लिहिलं नव्हतं. लढाईचं जे लिहिलं ते आठ तारखेला, आठ आणि नऊच्या जागेत. पाच आणि सहा कोऱ्याच राहिल्या. पुढे उन्हाळ्यात पीटर्सबर्गच्या वेढ्यात, खंदकात बसून लिहिताना जागा पुरेना, तेव्हा मी मागे जाऊन जिथे कोरं दिसेल तिथे लिहीत सुटलो. माझा बाप एकाच कागदावर आधी उभं आणि मग आडवं पत्र लिहायचा. आमच्या गावच्या माणसाला कागद कोरा सोडवत नाही. तारीख मी टाकली नाही, कारण माझ्याशिवाय ती डायरी वाचणार कोण होतं? आणि मला तर सगळं लक्षात राहणारच होतं!

"थर्झा," मी म्हटलं, "त्या दिवशी तो मागे गेला नव्हता. हे दीड-दोन महिन्यांनंतरचं आहे. माझी चूक झाली."

"ते मला कळलं," ती म्हणाली. "आता करणार काय ते सांग."

तिने कॉफीला हात लावला नाही.

शनिवारी दुपारी मंडळाची बैठक होती. मी डायरी घेऊन उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. ब्लॅकबेऱ्या आल्या तसे दोघे-तिघे हसले. मागून कोणी तरी म्हणालं, "फिल, तुझ्या असल्या काटकसरीपायी एक दिवस आम्ही सगळे फरारी ठरू." हेझनने चष्मा लावून ती नोंद दोनदा वाचली, जूनची पानं चाळली.

"बेऱ्यांचं पटतंय," तो म्हणाला. "पण छापलेलं असं बदलायला लागलो तर पुस्तकाची अब्रू काय राहील?"

"पुस्तकाची राहू दे, माणसाची बघ."

"बरं, मग सहा मेला तो होता कुठे?"

"मला माहीत नाही. माझ्या डायरीत त्या दिवशी काहीच नाही." माझा आवाज चढला होता. "कॅप्टन, त्या दिवशी तू कुठे होतास, हे कोणी लिहून ठेवलंय का?"

हेझनचा चेहरा लाल झाला आणि मला वाटलं, घालवलं मी सगळं. पण तो चष्मा पुसत म्हणाला, "एका ओंडक्यामागे होतो. डोकं खाली घालून. तासभर." मग त्याने मत मागितलं. एकेक हात वर गेला. त्याचा सगळ्यात शेवटी गेला, पण गेला.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सहा जणांनी आसाहेलला विटांच्या खोलीतून बाहेर काढून खांद्यावर घेतलं. मी पुढे डावीकडे होतो. हेझनने स्वतः झेंडा रोवला.

त्यानंतर मी शाईची दौत आणि पेन खिशात घालून घरोघर फिरलो. गावात पुस्तकाच्या सव्वीस प्रती होत्या. प्रत्येक घरात दोनशे बारावं पान उघडून मी ती नोंद खोडली आणि शेजारी लिहिलं, 'ही नोंद चुकीची आहे, चूक माझी, फि. टटल.' काही घरांत गोडधोड खायला मिळालं, काही घरांत नुसता कोपराने ढोसून विनोद. ते मला चालण्यासारखं होतं. शेवटची प्रत ब्रिग्सांच्या घरची होती.

थर्झाने पुस्तक टेबलावर ठेवलं आणि ती पलीकडे उभी राहिली. मी पान काढलं. नोंदीशेजारी समासात बारीक पेन्सिलीने आसाहेलचं अक्षर होतं: 'मी तिथेच होतो असं मला वाटत होतं. पण फिलने लिहिलंय, म्हणजे नसेन.'

मी पेन खाली ठेवलं.

"मला वाटायचं, तो माझ्यावर चिडलाय," मी म्हटलं. "येऊन दोन मुस्काटात द्यायच्या होत्या. त्याच दिवशी डायरी उघडली असती मी."

"चिडला असता तर बरं झालं असतं," थर्झा म्हणाली. "मी किती वेळा सांगितलं, बांध ओलांड आणि जाऊन विचार. तर म्हणायचा, फिल खोटं लिहिणार नाही. एवढं घाबरलो असेन की घाबरल्याचंही आठवत नाही. त्या दिवशी आपण कुठे पळून गेलो होतो, तेच तो सहा वर्षं आठवत बसायचा. जाण्याच्या आदल्या दिवशी तापात मला विचारत होता, तुला काही आठवतंय का गं म्हणून. मी तर इथे होते. मला काय आठवणार?"

ती रडली नाही. मी रडलो आणि तिने रडू दिलं.

मग मी छापील नोंद खोडली. आसाहेलच्या ओळीला मी हात लावला नाही. तिच्याखाली बोटभर जागा होती. त्या दिवसाचं मला आजही काही आठवत नाही, आणि शपथेवर विचारलं तर मी तसंच सांगेन. तरी मी पेन बुडवलं आणि तिथे लिहिलं, 'आसाहेल, तू तिथेच होतास, माझ्या उजव्या हाताला.' थर्झाने ते उभ्या उभ्या वाचलं आणि शाई वाळेपर्यंत पुस्तक उघडंच ठेवलं. मी लिहिलंय म्हटल्यावर त्याने तेही मानलं असतं, आणि फेब्रुवारीपर्यंत तो इथे बांधापलीकडेच होता.