तारांगणाचा तंबू अमडापुरात

मी तारांगणाचा तंबू बोलतोय. जरा हळू बोलतोय, कारण अंगात हवा नाही. पंखा लावला की मी उभा, बंद केला की जमिनीवर आडवा. वर्षानुवर्षं हेच चाललंय. खरं सांगू? कंटाळलो बुवा.

विद्यापीठाच्या अवकाश संस्थेनं मला शिवून घेतलं. तिथं उपग्रहांत बसणारी यंत्रं बनतात, संशोधन होतं, मुलं शिकतात. माझ्या वाट्याला आली ती गावं. गाडीत कोंबायचं, शाळेच्या पटांगणात फुगवायचं आणि माझ्या पोटात पोरांना बसवून तारे दाखवायचे. संग्रामपूरला वीज गेली आणि मी पोरांच्या डोक्यावरच बसलो. पोरं खिदळली, मास्तर मात्र ओरडत सुटले. दुसरबीडला एका गृहस्थानं शनीची कडी नीट न्याहाळली आणि विचारलं, "ते सारं ठीक हाय, पन माही साडेसाती कधी सुटते?" आता काय बोलणार, कप्पाळ!

संस्थेत नवा तंबू येणार म्हणून कळलं, तेव्हा मला बरं वाटलं. अमडापूर ही माझी शेवटची फेरी होती.

धम्मशीलानं ती हट्टानं मागून घेतली होती. ही याच गावची. शाळेत असताना माझ्या पोटात बसून तिनं पहिल्यांदा तारांगण पाहिलं. आता ती संस्थेत उपग्रहाच्या यंत्रावर काम करते. तिची आई सिंधूताई अंगणवाडीत मदतनीस आहेत. पोरगी काय करते असं कुणी विचारलं, की त्या एवढंच म्हणतात, "आभायातलं कायतरी करते बाई."

"तुळशीरामकाका, आज आईला कळू दे मी काय करते ते," धम्मशीला आमच्या ड्रायव्हरला म्हणाली. "फोनवर सांगून सांगून थकले."

आता तसबिरींना हार घातल्याशिवाय आपल्याकडे कार्यक्रम सुरू होतो का? सिंधूताईंनी स्वतः टेबल मांडलं. पांढरं कापड, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, मेणबत्त्या, अगरबत्त्या. जागा भिंतीलगत, अगदी माझ्याजवळ. मी तेव्हा आडवा पडलेलो. हा एवढा फुगेल हे त्या बाईला काय ठाऊक!

पूजन झालं, पंखा लागला, मी फुगलो आणि माझी कड थेट अगरबत्तीवर टेकली. भोक पडलं बारीकच, पण नेमकं जुन्या शिवणीवर. पोरं आत गेली, धम्मशीला आत गेली आणि हवेच्या जोरानं ती शिवण वीतभर उसवली. आत ऊन शिरलं, तारे फिके पडले.

सिंधूताई चपला काढून शेवटी आत शिरणार, एवढ्यात त्यांना ते दिसलं. तुळशीरामनं चिकटपट्टी लावली, ती टिकेना. मग ताईंनी दोन्ही हातांनी शिवण आवळून धरली.

"ताई, तुम्ही आत जा. मी धरतो."

"अन् लाइट गेली तर जनरेटर कोन सुरू करीन? जा तुमी पंख्यापाशी."

आत पुन्हा अंधार झाला. तारे झाले, ग्रह झाले. शेवटी माझ्या छतावर उपग्रहाचं चित्र उमटलं. धम्मशीला म्हणाली, "आई, हे पाह्य. यातलं हे यंत्र आम्ही केलं. हा भाग माह्या हातचा."

ती अंधारात आईच्या उत्तराची वाट बघत होती.

"हाव," सिंधूताई बाहेरून म्हणाल्या. ते आत पोचलंच नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

धम्मशीला बाहेर आली. उन्हात आई माझी शिवण धरून उभी.

"आई! तू आत नव्हती?"

"तुहा आवाज आला न सारा."

"आवाज आला, पन दिसलं काय तुले?"

"पोरांले दिसलं न?" सिंधूताईंनी आखडलेली बोटं झटकली. "मंग झालं."

धम्मशीला आईचे ते हात धरून रडली. मला रडता येत नाही, नाहीतर मीही रडलो असतो.

आता मी संस्थेच्या कोठीत मोडक्या खुर्च्यांखाली पडलोय. टाका बाबांनो, खुशाल भंगारात टाका, माझी ना नाही. फक्त त्याआधी एवढी शिवण घाला आणि मला एकदा अमडापूरला न्या. पोरं नकोत, पाहुणे नकोत. एकट्या सिंधूताईंना आत बसवा.

तेवढा वेळ मी उभा राहीन.